चांदवडच्या वाटेवरचा फरारी

नाशिक जिल्ह्यात राजकीय खून म्हटला की एकच आठवतो. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, 'संगीत शारदा'चा प्रयोग, कलेक्टर जॅक्सन आणि अनंत कान्हेरे. शाळेतलं पोरही सांगेल. मी चांदवडला निघालो होतो ते त्याच्या चौऱ्याण्णव वर्षं आधीच्या खुनामागे. तो खून पंढरपुरात झाला, पण त्यातली सोयरीक मोडली नाशकात, आणि ज्याच्यावर आळ होता तो माणूस तीन वर्षांनी सापडला तो याच जिल्ह्यात, चांदवडहून नाशिककडे येताना पिंपळगावाजवळच्या आहेरगावात. खून झालेला गंगाधरशास्त्री पटवर्धन, गायकवाडांचा वकील. आळ असलेला त्रिंबकजी डेंगळे, दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी.

ओझर, पिंपळगाव बसवंत, वडाळीभोई मागे पडलं की रस्त्याच्या डाव्या हाताला सातमाळ्याची रांग जवळ यायला लागते आणि चांदवडला ती अगदी अंगावर येते. बाहेरून येणारे बहुतेक लोक रेणुकामातेला हात जोडून घाटाकडे लागतात. गावात शिरणारे थोडे. मी कांद्याच्या ट्रॅक्टरांतून वाट काढत रंगमहालाकडे गेलो.

रंगमहाल म्हणजे होळकरांचा वाडा, अहिल्याबाईंच्या काळातला. बाहेरून तटबंदीच वाटावी असा, आणि आत गेल्यावर एकदम लाकडाचं नाजूक काम. कोरीव खांब, महिरपी, भिंतींवर रंगवलेले प्रसंग. काही चित्रांचे रंग अजून टवटवीत आहेत, काहींत नुसता एखादा हात किंवा घोड्याची मान उरली आहे. दुरुस्तीचं काम झाल्याच्या खुणा जागोजागी दिसतात. तिथे बसलेल्या गृहस्थांनी मला आधी भुयाराबद्दल सांगितलं. थेट रेणुकेच्या देवळापर्यंत जातं म्हणे. बघता येईल का, विचारलं तर म्हणाले, "बंद केलंय." महाराष्ट्रात प्रत्येक वाड्याला भुयार असतं आणि प्रत्येक भुयार बंद असतं, त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही.

"त्रिंबकजी डेंगळ्यांचं इथे काही आहे का हो?"

"होळकरांचे सरदार का?"

"नाही, पेशव्यांचे कारभारी."

"मग इथे काय शोधून राहिले तुम्ही? पुण्यात बघा."

त्यांचं बरोबर होतं. पण पुण्यातही मुठेवरच्या डेंगळे पुलावरून रोज हजारो दुचाक्या जातात, आणि त्यांतल्या कुणाला हे आडनाव अडत नाही. संग्रहालयात काचेआड ठेवावं असं या प्रकरणातलं काय असू शकलं असतं, याची यादी मी मनात करत होतो. शास्त्र्याच्या गळ्यातली कंठी. मारेकऱ्यांची हत्यारं. ठाण्याच्या तटावरून खाली सोडलेला दोर. आहेरगावातली बाज. यातलं काहीही कुठे मांडलेलं मी पाहिलेलं नाही. मागे राहिले आहेत ते कागद, आणि तेही जवळजवळ सगळे शिकाऱ्याच्या हातचे: पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याची पत्रं, त्याने जमवलेल्या जबान्या, त्याने बाजीरावाला लिहिलेले खलिते. पुढे ग्रँट डफने इतिहास लिहिला तोही याच कागदांच्या आधाराने. शिकार झालेल्याची बाजू सांगणारं तेवढंच जाडजूड बाड नाही. हे एवढं लक्षात ठेवूनच पुढची हकिगत ऐकायला हवी.

गंगाधरशास्त्री १८१४ साली बडोद्याहून पुण्याला आला तो इंग्रजांची हमी घेऊन. गायकवाडांकडे पेशव्यांची जुनी बाकी निघत होती आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा करार संपत आला होता. शास्त्री मोठा हुशार, पण त्याहून मोठा दिमाखदार. चालणं-बोलणं साहेबासारखं झपाट्याचं, मोठमोठ्या लोकांविषयी बेधडक बोलायची खोड. एल्फिन्स्टनला त्याची गंमत वाटत असे, पुण्यातल्या मुत्सद्द्यांना तिडीक येत असावी. बाजीरावाने आणि त्रिंबकजीने आधी त्याच्यावर दडपण आणून पाहिलं, मग गोडी लावली. बाजीरावाची मेव्हणी शास्त्र्याच्या मुलाला द्यायचं ठरलं. लग्न नाशकात व्हायचं होतं. १८१५च्या उन्हाळ्यात पेशवा, शास्त्री, एल्फिन्स्टन, सगळा लवाजमा गोदाकाठी आला. तयारी झाली आणि शास्त्र्याने पाय मागे घेतला. जुन्या बाकीबद्दलच्या ज्या तडजोडीवर हे सगळं उभं होतं तिला बडोद्याहून मंजुरी येईना. त्यात आपल्या बायकोला पेशव्याच्या वाड्यात पाठवायलाही तो तयार नव्हता. त्या वाड्याची कीर्ती त्याच्या कानावर असणार. उभ्या मांडवात पेशव्याला नकार देणारा माणूस त्यानंतर फार दिवस निर्धास्त राहू शकेल, असं निदान आज वाचताना तरी वाटत नाही.

शास्त्र्याला मात्र वाटलं. त्रिंबकजी पुन्हा गोड बोलायला लागला, आषाढीला पंढरपूरला चला म्हणाला. शास्त्र्याने आपली बरीचशी माणसं आणि सोबतचा बापू मैराळ यांना नाशकातच ठेवलं आणि थोड्या लोकांनिशी तो पेशव्याबरोबर गेला. एल्फिन्स्टन तोवर वेरूळची लेणी बघायला गेला होता. जुलै १८१५. अंगात कणकण म्हणून शास्त्र्याने देवळात यायचं आधी टाळलं. निरोपावर निरोप आले तेव्हा निघाला, बरोबर मोजकी बिनहत्यारी माणसं. गर्दीत कुणीतरी विचारलं, शास्त्री कोणता? उत्तर आलं, कंठीवाला. हे त्याच्या एका माणसाने ऐकलं आणि सोडून दिलं. दर्शन झालं, त्रिंबकजीशी बोलणं झालं, पेशव्याने कौतुक केलं, आणि शास्त्री खुशीत परत निघाला. मागून काही माणसं 'वाट सोडा' म्हणत धावत आली. वाट मोकळी करायला आलेल्या चोपदारांसारखी. त्यांच्या हातात तलवारी होत्या.

यात त्रिंबकजीचा हात होता असं मलाही वाटतं. गावात पेशव्याचा मुक्काम असताना वकिलाचे तुकडे होतात आणि कारभारी साधी चौकशी करत नाही, हे एरवी जुळत नाही. पण शास्त्र्याला बडोद्यातही वैरी होते. सीताराम रावजीचा गट त्याच्यावर टपलेला होता आणि त्या गटाची माणसं पुण्यात होती. हे सगळं उलगडायला एखादी अदालत बसायला हवी होती. ती तेव्हा बसली नाही, नंतरही बसली नाही. एल्फिन्स्टनने हुशारीने बाजीरावाला बाजूला ठेवून सगळा आरोप एकट्या त्रिंबकजीवर ठेवला, म्हणजे कारभारी देऊन मालकाला सुटता यावं. बाजीरावाने आधी त्याला वसंतगडावर ठेवलं, चालढकल केली, आणि सप्टेंबर १८१५मध्ये इंग्रजांच्या हवाली केलं. रवानगी ठाण्याच्या किल्ल्यात.

तिथून तो पळाला, ती गोष्ट इतकी रंगतदार आहे की तिच्यावर विश्वास ठेवताना जरा बिचकायला होतं. पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई, देशी माणूस फितेल म्हणून मुद्दाम नेमलेले. त्यांना मराठीचा गंध नाही. तिथल्या एका साहेबाकडे एक मराठा मोतद्दार कामाला राहिला. खिडकीखाली घोडा खरारत तो गाणी म्हणायचा, आणि गाण्यातून बाहेरची खबर आत पोचायची. १२ सप्टेंबर १८१६च्या पावसाळी रात्री त्रिंबकजी शौचाच्या निमित्ताने बाहेर आला, भिंतीला पाडलेल्या भोकातून तबेल्यात आणि तिथून तट उतरून खाडीपार. पलीकडे घोडी तयार. मोतद्दारही त्याच दिवसापासून गायब. बिशप हेबरला ही गोष्ट फार आवडली आणि त्याने ती आपल्या प्रवासवर्णनात घातली. गाण्याचा भाग सजवलेला असेल. गोऱ्या पहारेकऱ्यांच्या कानांवरून मराठी नुसतं वाहून गेलं असेल, यात मात्र मला शंका नाही.

रंगमहालातून निघालो आणि चांदवडच्या किल्ल्याची वाट धरली. पायथ्याला शेळ्या राखणारा एक मुलगा भेटला. "वर कशाला जाऊन राहिले, काही नाही वर. पायऱ्या पण नाहीत," म्हणाला, आणि मग आपणच पुढे चालायला लागला.

पायऱ्या नाहीत, तेच बघायचं होतं. सुटलेले धोंडे, अर्धवट कापलेला कातळ, मधेच एखादी शाबूत पायरी आणि तिच्यापुढे घसारा. १८१८मध्ये हा मुलूख हातात आल्यावर इंग्रजांनी इथल्या गडांचे दरवाजे आणि चढायच्या वाटा सुरुंगांनी उडवायला सुरुवात केली. खानदेशचा पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज यात पुढे होता. हाच ब्रिग्ज पुढे फिरिश्त्याच्या फार्सी इतिहासाचा इंग्रजी अनुवादक म्हणून नावाजला. एका हाताने किल्ले पाडायचे आणि दुसऱ्या हाताने त्या किल्ल्यांचा इतिहास उतरवून काढायचा, हे त्या पिढीच्या साहेबांना बरं जमत असे. घासत-धरत एका सपाटीवर पोचलो तेव्हा पलीकडे राजदेहेर आणि इंद्राई उघडे दिसले. एकामागे एक कातळाच्या भिंती, मधल्या खिंडी, आणि कुठूनही कुठे उतरता येईल असं रान. एका माणसाला इथे शोधायचं तर काय होईल, हे नकाशावर कळत नाही, इथे उभं राहिल्यावर कळतं.

त्रिंबकजी याच मुलुखाला धरून राहिला. नगर, नाशिक, खानदेश. तो मूळचा संगमनेरकडच्या निमगाव जाळीचा, साधा जासूद म्हणून चाकरीला लागलेला. जासुदाला वाटा ठाऊक असतात. भिल्ल, रामोशी, मांग अशा ज्यांना पेशवाईच्या दरबारात कुणी बसू दिलं नसतं, त्यांनी त्याला लपवलं. त्याचे पुतणे गोदाजी आणि महिपा खानदेशात भिल्लांना घेऊन उठले. तो कुठे आहे हे बाजीरावाला ठाऊक होतं असं एल्फिन्स्टन म्हणत राहिला आणि बाजीराव कानांवर हात ठेवत राहिला. मे १८१७मध्ये एल्फिन्स्टनने महिन्याची मुदत घातली: त्रिंबकजी द्या, आणि तोवर तारण म्हणून सिंहगड, पुरंदर, रायगड आमच्या ताब्यात द्या. बाजीरावाने किल्ले दिले. पकडून देणाऱ्याला दोन लाख रुपये आणि वर गाव इनाम, असा जाहीरनामाही काढला. माणूस मिळाला नाही. १३ जूनच्या पुणे तहात पेशव्याने मराठेशाहीचं प्रमुखपण लिहून दिलं. फरारी सापडो न सापडो, पाठलागातून जे मिळवायचं ते मिळून गेलं होतं. मला तर वाटतं की त्या उन्हाळ्यात त्रिंबकजी एखाद्या सकाळी आपणहून पुण्यात हजर झाला असता, तर एल्फिन्स्टनची थोडी पंचाईतच झाली असती.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: नोव्हेंबरात खडकीची लढाई, मग बाजीरावाची पळापळ. त्रिंबकजी उघडपणे त्याला येऊन मिळाला. १ जानेवारी १८१८ला कोरेगावात पेशव्यांच्या बाजूने हल्ला चालवणाऱ्यांत तो होता. समोर कंपनीच्या बाजूला पुण्याच्या घोडदळाचा एक तरुण अंमलदार होता, स्वॅन्स्टन नावाचा. तो त्या दिवशी जखमी झाला. हे नाव पुन्हा येणार आहे.

चांदवडचं काय झालं, तर ते लढाईवाचूनच गेलं. १८०४ साली एकदा कर्नल वॉलेसने ते घेतलं होतं, मग ते होळकरांना परत मिळालं. महिदपूरच्या पराभवानंतर ६ जानेवारी १८१८च्या मंदसोरच्या तहात होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख सोडला, त्यात चांदवडही सुटलं. सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन उतरत होता. त्याआधी तापीकाठी थाळनेरच्या किल्लेदाराला, तुळशीराम मामाला, त्याने फासावर दिलं होतं, तेही कसल्या चौकशीविना. ती बातमी या रस्त्यावर फौजेच्या पुढे धावली असणार. चांदवडच्या टांकसाळीतून रुपये मात्र इंग्रज आल्यावरही काही वर्षं पडत राहिले. राज्य बदललं तरी बाजाराला सुट्टे लागतातच.

खाली उतरून पिंपळगावकडे परतलो आणि आतल्या रस्त्याने आहेरगावला गेलो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. मांडवांवर तारा, तारांवर वेल, आणि वेलींखाली औषध फवारणारा ट्रॅक्टर. या गावात बाजीरावाच्या पळापळीचा शेवटचा तुकडा घडला. ३ जून १८१८ला बाजीराव असीरगडाजवळ इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. त्रिंबकजीला कुठलीच अट मिळणार नव्हती; तो फुटून नाशिककडे आला. ब्रिग्जला खबर लागली. त्याने कॅप्टन स्वॅन्स्टनला घोडेस्वार देऊन धाडलं. गाजावाजा न करता लांबची मजल मारून ते आले आणि त्यांनी गावाला वेढा घातला. त्रिंबकजी बाजेवर पडला होता. चाहूल लागताच माळ्यावर चढला आणि पेंढ्यात शिरला. तिथून त्याला ओढून काढलं. ज्याच्यासाठी तीन किल्ले गहाण पडले, त्याने हात उगारला नाही.

कुणाचं घर होतं, कोणती आळी होती, हे सांगणारी पाटी गावात मला दिसली नाही. पारावर तिघं-चौघं बसले होते. मी सांगितलेली हकिगत त्यांनी नीट ऐकून घेतली. एकाने मोबाइलवर त्रिंबकजीचं नाव टाइप करून खात्री केली. मग सगळ्यांत वयस्क होते ते बाबा म्हणाले, "पेंढ्यात लपला म्हणजे जनावरांचं घर असंल. तेव्हा द्राक्षं कुठली, सगळी बाजरी. जूनमध्ये पेंढा कमी राहतो पण. माळ्यावर ठेवलेला असंल तर असंल." इतक्या पुस्तकांत वाचलेल्या त्या पेंढ्याचा इतका बारकाईने विचार दुसऱ्या कुणी केलेला मला आठवत नाही.

"मग पकडणाऱ्याला बक्षीस भेटलं का?" मोबाइलवाल्याने विचारलं.

त्याला मिळालं ते वेगळंच. चार्ल्स स्वॅन्स्टन पुढे हिंदुस्थान सोडून टास्मानियाला गेला, होबार्टमध्ये डरवेंट बँकेचा कारभार बघू लागला, आणि समुद्रापलीकडे पोर्ट फिलिपला जमीन घेणाऱ्या मंडळींत सामील झाला. त्या जमिनीवर मेलबर्न उभं राहिलं आणि तिथल्या मुख्य रस्त्यांतल्या एकाला त्याचं नाव पडलं. स्वॅन्स्टन स्ट्रीट. त्यावरून आज ट्रॅम धावतात. तिथे शिकणारी आपली पोरं रोज त्या रस्त्याने जात असतील. १८४९मध्ये त्याची बँक बुडाली आणि पुढच्याच वर्षी तो समुद्रप्रवासात वारला.

आणि त्रिंबकजी? त्याला आधी पुन्हा ठाण्यालाच नेलं, मग काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात. १८२४मध्ये हेबर त्याला तिथे भेटला. ठेंगणा, चपळ, चिडका दिसणारा माणूस, अंगावर लाल काठाचं मळकट सुती वस्त्र. झोपायच्या खोलीलाही गजांच्या खिडक्या आणि खिडक्यांबाहेर पहारा. ठाण्याचा धडा इंग्रज विसरले नव्हते. सोबतीला चार नोकर, तेही येता-जाता झडती देणारे. एक छोटं देऊळ, एक पिंपळ आणि त्याखाली त्याने स्वतः लावलेली बाग. त्यात तेरडा फुलला होता. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतो. त्याने चुनारात अकराएक वर्षं काढली आणि १८२९मध्ये तिथेच तो गेला. ठाण्याचा किल्ला तुरुंग म्हणूनच राहिला. १९ एप्रिल १९१०ला जॅक्सनच्या खुनासाठी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी दिली ती त्याच तटाच्या आत. त्यांच्यावर निदान खटला चालला होता. न्यायालयात त्यांनी काय सांगितलं ते कागदावर आहे.

बाबांनी तेवढंच धरलं. "म्हणजे याच्यावर केसच नाही चालली?"

"नाही."

"साक्षीदार, पुरावे, काही नाही?"

"जबान्या घेतल्या होत्या. पण कोर्टासमोर काही नाही."

"आमची बांधाची केस निफाडला माझ्या वडलांच्या टायमापासून चालू हाये," ते म्हणाले. "तारखेला जातो तरी. साहेब विचारतो तरी, तुमचं काय म्हणणं हाये." मग त्यांनी मोबाइलवाल्याला हाक मारली आणि मला गाडीवरून पिंपळगाव फाट्यापर्यंत सोडायला सांगितलं, कारण साडेपाचची एसटी चुकली तर पुढची कधी येईल याचा भरवसा नव्हता.